छोट्या खोलीतले ऑफिस आणि कॉम्प्युटरची उष्णता: ती कमी कशी करावी, जास्त काळजी कोणी घ्यावी?

एप्रिल-मे महिन्यांत घरून काम करणारे बरेच रुग्ण एकसारख्या तक्रारी घेऊन येतात. दुपारनंतर डोके जड होते, कामात लक्ष लागत नाही, खुर्चीतून उठताना गरगरते, संध्याकाळी पोटऱ्यांत गोळे येतात, लघवी गडद पिवळी आणि जळजळीत होते. रक्ताच्या तपासण्या अनेकदा ठीक असतात. मग बसण्याच्या जागेची चौकशी केली की उलगडा होतो. दहा बाय दहाची खोली, आवाज नको म्हणून लावलेली खिडकी आणि दार, सकाळी नऊपासून सुरू असलेला डेस्कटॉप, टेबलाखाली यूपीएस, कपाटावर राउटर आणि डोक्यावर तापलेली गच्ची.

कॉम्प्युटर तापतो हे सर्वांना माहीत असते. पण आपली काळजी बहुतेक वेळा मशीनपुरती असते: तो हँग होईल, बिघडेल, बॅटरी लवकर जाईल. त्याच खोलीत आठ-दहा तास बसणाऱ्या माणसाचे काय होते, आणि रात्री तिथेच झोपणाऱ्या आजी-आजोबांचे किंवा बाळाचे काय होते, हा विचार मागे राहतो. या लेखात त्याचीच माहिती घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचे

- कॉम्प्युटर जेवढी वीज घेतो, जवळजवळ तेवढीच उष्णता खोलीत सोडतो.
- कूलिंग पॅडने लॅपटॉप थंड होतो, खोली नाही.
- आधी उष्णता निर्माण होणे कमी करा, मग ती खोलीबाहेर काढा आणि शेवटी शरीर थंड ठेवा. याच क्रमाने सर्वाधिक फायदा होतो.
- रक्तदाब, मधुमेह, हृदय किंवा किडनीचा आजार असलेले, साठीच्या पुढचे, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांनी जास्त जपावे.
- उकाड्यात माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याला झटका आला किंवा तो बेशुद्ध झाला तर तो उष्माघात समजा. लगेच १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत शरीर थंड करत राहा.

खोलीत उष्णता किती तयार होते?

विजेवर चालणारी वस्तू किती वॅट वीज घेते यावरून ती किती उष्णता सोडते हे कळते. कॉम्प्युटरने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत येते. साधारण आकडे असे आहेत:

- शांत बसलेला प्रौढ माणूस: सुमारे १०० वॅट
- कार्यालयीन कामाचा लॅपटॉप: ३० ते ६० वॅट
- साधा डेस्कटॉप, मॉनिटरसह: १०० ते १५० वॅट
- गेमिंग किंवा व्हिडिओ एडिटिंगचा डेस्कटॉप, पूर्ण ताकदीने चालताना: ३०० ते ५०० वॅट
- २४ इंची एलईडी मॉनिटर: २० ते ३० वॅट
- वायफाय राउटर: ५ ते १५ वॅट, तोही चोवीस तास
- जुनी चोकवाली ट्यूबलाइट: सुमारे ५० वॅट, एलईडी ट्यूब: सुमारे २० वॅट
- छताचा जुना पंखा: ७० ते ७५ वॅट, बीएलडीसी पंखा: सुमारे ३० वॅट

यादीतला पहिला आकडा लक्षात ठेवा. साधा डेस्कटॉप म्हणजे खोलीत आणखी एक माणूस येऊन बसणे. गेमिंगचा डेस्कटॉप म्हणजे त्या दहा बाय दहाच्या खोलीत आणखी तीन-चार माणसे.

अशा खोलीत साधारण २५ घनमीटर हवा असते. ३०० वॅटची उष्णता फक्त या हवेतच कोंडली, तर हवा सुमारे पावणेदोन मिनिटांत १ अंशाने तापेल. प्रत्यक्षात भिंती, फरशी आणि फर्निचर बरीचशी उष्णता शोषून घेतात, त्यामुळे तापमान इतक्या वेगाने चढत नाही. पण शोषलेली उष्णता त्या रात्री परत सोडतात. काम संध्याकाळी संपते आणि खोली मध्यरात्रीपर्यंत गरम राहते, त्याचे हे एक मोठे कारण.

आपल्या मशीनचा अंदाज हवा असेल तर विजेचा हिशोब करा. १०० वॅटची वस्तू दहा तास चालली की १ युनिट वीज होते. म्हणजे कॉम्प्युटरमुळे दिवसाला २ युनिट खर्च होत असतील, तर दहा तासांत सरासरी २०० वॅट उष्णता खोलीत येते आहे.

शरीरावर काय परिणाम होतो?

आपल्या शरीराचे आतले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे लागते. बसलेल्या माणसालाही स्वतःच्या शरीरातली सुमारे १०० वॅट उष्णता सतत बाहेर टाकावी लागते. त्यासाठी शरीराकडे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग त्वचेचा. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त त्वचेजवळ येते आणि भोवतालची हवा ते थंड करते. त्वचेचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असते. खोलीची हवाही तेवढीच तापली की हा मार्ग जवळजवळ बंद होतो.

दुसरा मार्ग घामाचा. १ लिटर घाम अंगावर वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे. अंगावरून नुसता ओघळलेला घाम शरीराला फारसा थंड करत नाही, पाणी आणि मीठ तेवढे वाया जाते. कोकणात आणि मुंबईत पारा ३४ असूनही जीव नकोसा होतो तो यामुळेच. विदर्भात आणि मराठवाड्यात हवा कोरडी असल्याने घाम चटकन वाळतो. तिथे धोका वेगळा आहे: किती पाणी गेले हे लक्षातच येत नाही.

या दोन्ही मार्गांचा ताण हृदयावर पडतो. रक्तवाहिन्या रुंदावल्याने रक्तदाब उतरतो, घामाने शरीरातले पाणी कमी होते आणि ते भरून काढायला हृदयाची गती वाढते. तासन् तास एका जागी बसल्यावर रक्त पायांत साठते, पावले सुजतात आणि एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. पाणी कमी पडल्याने डोकेदुखी, बद्धकोष्ठता आणि लघवीची जळजळ, म्हणजे आपण ज्याला ‘उन्हाळी लागणे’ म्हणतो ते सुरू होते. मुतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांना उन्हाळ्यात खड्याचा त्रास वाढतो. अर्धशिशीच्या रुग्णांना उष्णता आणि कमी पाणी ही दोन्ही कारणे डोकेदुखी सुरू करायला पुरतात.

झोपेचाही प्रश्न असतो. गाढ झोप लागण्यासाठी शरीराचे तापमान थोडे उतरावे लागते. दिवसभराच्या उष्णतेतून सावरायला शरीराला रात्रीचा थंडावा हवा असतो. ज्या खोलीत दिवसा ऑफिस आणि रात्री अंथरूण असते, तिथे ही विश्रांतीच मिळत नाही.

जास्त काळजी कोणी घ्यावी?

रक्तदाब आणि हृदयाचे रुग्ण. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी शरीरातले पाणी आणि सोडियम आधीच कमी होत असते. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्यांमुळे उष्णतेत हृदयाला हवी तेवढी गती वाढवता येत नाही. हिवाळ्यात बरोबर असलेला डोस मे महिन्यात जास्त ठरू शकतो. घरी रक्तदाब मोजत असाल तर आठवड्यातून दोनदा बसून आणि उभे राहून, असा दोन्ही प्रकारे मोजून लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःहून बंद किंवा कमी करू नका.

मधुमेही. साखर जास्त असली की लघवीवाटे पाणी जास्त जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनीही लघवी वाढते. उकाड्यात घाम, थरथर आणि घाबरल्यासारखे झाले तर ‘गरमीमुळे होत असेल’ असे गृहीत धरू नका, लगेच ग्लुकोमीटरने साखर तपासा. साखर उतरल्याची लक्षणे हुबेहूब अशीच असतात.

मधुमेहींसाठी आणखी दोन गोष्टी. पायांना बधिरपणा असेल तर टेबलाखाली पडलेला गरम ॲडाप्टर किंवा यूपीएस पायाला टेकलेला कळत नाही आणि भाजल्याची जखम होते. त्या वस्तू पायांपासून दूर ठेवा आणि रोज रात्री तळपाय पाहा. दुसरे, वापरात असलेले इन्सुलिन बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या खाली ठेवावे लागते. कॉम्प्युटरच्या टेबलावर किंवा राउटरजवळ ते ठेवू नका. फ्रीज नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पाण्याच्या मातीच्या माठात ठेवता येते.

किडनीचे आणि हार्ट फेल्युअरचे रुग्ण. तुम्हाला पाणी मोजून प्यायला सांगितले असेल तर उन्हाळ्यात किती वाढवायचे हे डॉक्टरांना विचारा. अशा रुग्णांनी ‘भरपूर पाणी प्या’ हा सर्वसाधारण सल्ला आपणहून पाळू नये.

वृद्ध. वय वाढते तशी तहानेची जाणीव कमी होते आणि घामही कमी येतो. आजोबा ‘मला काही गरम होत नाही’ म्हणाले तरी खोली गरम असू शकते.

गरोदर स्त्रिया आणि तान्ही बाळे. गरोदरपणात शरीरात उष्णता जास्त तयार होते आणि चक्कर लवकर येते. बाळाचा पाळणा चालू कॉम्प्युटरच्या खोलीत ठेवू नये.

काही विशिष्ट औषधे घेणारे. मानसिक आजारावरची काही औषधे, लिथियम, झोप आणणाऱ्या जुन्या ॲलर्जीच्या गोळ्या आणि पार्किन्सनवरची काही औषधे यांचा घामावर किंवा शरीरातल्या पाण्याच्या संतुलनावर परिणाम होतो. उन्हाळा सुरू होण्याआधी एकदा आपली सगळी औषधे डॉक्टरांना दाखवा.

पायरी १: उष्णता निर्माणच कमी करा

- मेल, कागदपत्रे आणि मीटिंग एवढेच काम असेल तर डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप वापरा. १५० वॅटवरून ५० वॅटवर आलात तर खोलीतून एक माणूस उठून गेल्यासारखे होते.
- जेवायला, फोनवर बोलायला उठताना मशीन स्लीप मोडवर टाका. स्क्रीनसेव्हरने वीज वाचत नाही.
- सेटिंग्जमध्ये वीज वाचवणारा मोड निवडा, स्क्रीनचा उजेड कमी करा, न लागणारे प्रोग्रॅम आणि टॅब बंद करा.
- मुले गेम खेळत असतील तर गेमच्या सेटिंग्जमध्ये फ्रेम रेटला मर्यादा घाला. विजेचा वापर बराच उतरतो.
- व्हिडिओ तयार करणे, बॅकअप, मोठे अपडेट अशी जड कामे पहाटे किंवा सकाळी लवकर करा. रात्रभर डाउनलोड लावून त्याच खोलीत झोपू नका.
- जुनी ट्यूबलाइट बदलून एलईडी लावा. पंखा बदलायचाच असेल तर बीएलडीसी घ्या.

पायरी २: जे हलवता येईल ते खोलीबाहेर न्या

राउटर आणि प्रिंटर हॉलमध्ये ठेवता येतात. लेझर प्रिंटर छपाईच्या वेळी काहीशे वॅट वीज घेतो. लांब केबल टाकून डेस्कटॉपचा डबाही दाराबाहेर ठेवणारे काही जण आहेत. घरात जागा असेल तर हा उत्तम उपाय आहे.

इन्व्हर्टरची आम्लाची बॅटरी झोपण्याच्या किंवा बंद खोलीत ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तिला खेळती हवा लागते. यूपीएस, ॲडाप्टर किंवा राउटर कापडाने झाकू नका.

पायरी ३: तापलेली हवा बाहेर काढा

दार-खिडकी लावून बसल्यास खोलीतली उष्णता तिथेच साठते. शिवाय हवा खेळत नसल्याने गुदमरल्यासारखे वाटते आणि डोके दुखते. खिडकी कधी उघडायची, याचा नियम सोपा आहे:

- बाहेरची हवा खोलीपेक्षा थंड असेल, म्हणजे रात्री, पहाटे आणि सकाळी, तेव्हा समोरासमोरची खिडकी आणि दार उघडा. वारा आरपार गेला पाहिजे.
- बाहेर खोलीपेक्षा जास्त तापले असेल, जसे नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यातल्या दुपारी होते, तेव्हा बाहेरची खिडकी आणि पडदे लावा. मात्र आतले दार उघडे ठेवा, म्हणजे कॉम्प्युटरची उष्णता एका खोलीत न कोंडता घरभर विभागली जाईल.
- खिडकीच्या वरच्या भागात छोटा एक्झॉस्ट फॅन बसवता आला तर गरम हवा तिथून बाहेर जाते. टेबल शक्यतो त्याच बाजूला ठेवा.

टेबलावर एक साधा थर्मामीटर ठेवा. आर्द्रता दाखवणारा मिळाला तर अधिक चांगले. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाचा सल्ला आहे की उष्णतेच्या दिवसांत खोली दिवसा ३२ आणि रात्री २४ अंशांच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करावा, विशेषतः घरात तान्ही बाळे, साठीच्या पुढचे लोक किंवा जुनाट आजाराचे रुग्ण असतील तर. आपल्याकडे एसीशिवाय रात्रीचे २४ अंश गाठणे बहुतेक घरांत शक्य नसते. पण पारा ३२ च्या वर गेलेला दिसला की कॉम्प्युटर बंद करणे, जागा बदलणे किंवा घरातल्या वृद्धांना दुसऱ्या खोलीत नेणे हे तर आपल्या हातात आहे.

पायरी ४: ऊन आत येऊ देऊ नका

खिडकीच्या आतल्या पडद्यापेक्षा बाहेरून लावलेली चटई, ताडपत्री किंवा वाळ्याचा पडदा जास्त उपयोगी, कारण ऊन काचेच्या बाहेरच अडते. वरच्या मजल्यावर राहात असाल तर गच्चीला चुन्याचा किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या. पत्र्याच्या छपराखाली काम करणे दुपारी टाळावे. घरातली सर्वांत थंड जागा शोधा: बहुधा ती खालच्या मजल्यावरची, उत्तरेकडची खोली असते. उन्हाळ्याचे दोन महिने टेबल तिकडे हलवायला हरकत नाही.

पायरी ५: शरीर थंड ठेवा

पंखा. पंखा हवा थंड करत नाही, घाम वाळवतो. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंख्याचा गरम झोत शरीर आणखी तापवू शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना पंखा ४० अंशांच्या खालीच वापरायला सांगते. त्याहून जास्त उष्णतेत थंड जागी जाणे आवश्यक आहे. पंखा थेट चेहऱ्यावर ठेवू नका, डोळे कोरडे पडतात.

ओला पंचा. मानेवर आणि हातांवर ओला पंचा ठेवा, मधूनमधून तोंडावर आणि हातांवर पाणी मारा. हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. पण टेबलाखाली पाण्याची बादली ठेवून त्यात पाय बुडवून काम करू नका. तिथेच एक्स्टेंशन बोर्ड आणि वायर असतात. विजेचा धक्का बसून जीव जाऊ शकतो.

कूलर. कोरड्या हवेत उत्तम. खिडकीत बसवून समोरचे दार थोडे उघडे ठेवा, नाहीतर खोलीत दमटपणा वाढतो. किनारपट्टीवर त्याचा फारसा उपयोग नाही. कूलरचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासून कोरडी करा. डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

एसी. २४ ते २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा मंद लावला तरी पुरते. १ टनाचा एसी सुमारे ३५०० वॅट उष्णता बाहेर काढतो. ३०० वॅटचा कॉम्प्युटर म्हणजे त्याच्या ताकदीचा बारावा हिस्सा. एसी असलेल्या खोलीतही कॉम्प्युटर आटोक्यात ठेवला तर बिल कमी येते.

पाणी आणि आहार. तहान लागेपर्यंत थांबू नका. तांब्या टेबलाजवळ ठेवा आणि दर तासाला थोडे पाणी प्या. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसे आहे असे समजा. ताक, लिंबाचे सरबत, कैरीचे पन्हे, कोकम सरबत चांगले. मात्र मधुमेहींनी साखर आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी मीठ जपून घ्यावे. कामाच्या नादात दिवसाला सहा-सात कप चहा होतो, त्यातले निम्मे कप पाण्याने बदला. सैल सुती कपडे घाला. दर तासाला उठून पाच मिनिटे दुसऱ्या खोलीत चालून या.

मांडीवरचा लॅपटॉप

लॅपटॉपचा तळ मांडीवर किंवा पोटावर रोज तासन् तास टेकला तर त्वचेवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग पडतात. ४३ ते ४७ अंशांची उष्णता पुन्हा पुन्हा लागल्याने असे होते. चटका बसत नाही, त्यामुळे कारण लक्षात येत नाही. पूर्वी शेगडीजवळ बसणाऱ्यांच्या पायांवर असेच डाग दिसत. २०१० मध्ये स्वित्झर्लंडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी रोज काही तास मांडीवर लॅपटॉप घेऊन गेम खेळणाऱ्या १२ वर्षांच्या मुलाचे असे उदाहरण प्रसिद्ध केले. सवय बंद केली की सुरुवातीचे डाग हळूहळू फिकट होतात. डाग जुना असेल, खडबडीत झाला असेल किंवा तिथे जखम झाली असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

पुरुषांसाठी आणखी एक कारण आहे. शुक्राणू तयार होण्यासाठी अंडकोषांना शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागते. २००५ मध्ये अमेरिकेत २९ निरोगी पुरुषांवर केलेल्या अभ्यासात एक तास लॅपटॉप मांडीवर ठेवल्यावर अंडकोषाच्या त्वचेचे तापमान २.६ ते २.८ अंशांनी वाढलेले दिसले. त्यातले सुमारे २ अंश नुसते पाय जुळवून बसल्यानेच वाढले होते. लॅपटॉपमुळे वंध्यत्व येते असे यातून सिद्ध होत नाही. पण मूल होण्यासाठी प्रयत्न चालू असतील तर लॅपटॉप टेबलावरच ठेवा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे सवय बदलल्याचा फायदा दिसायलाही तेवढा वेळ द्यावा लागतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

उष्णतेचा थकवा: खूप घाम, अशक्तपणा, मळमळ, डोकेदुखी, पायांत गोळे, नाडी जलद. काम थांबवा, थंड जागी आडवे व्हा, पाय उशीवर उंच ठेवा, कपडे सैल करा, अंग ओल्या कापडाने पुसा. ओआरएसची मोठी पुडी १ लिटर पाण्यात मिसळून घोटघोट प्या. पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात ६ छोटे सपाट चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घाला. अर्ध्या तासात बरे वाटले नाही किंवा उलट्या थांबत नसतील तर डॉक्टरांकडे जा.

उष्माघात: शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर आणि मेंदूवर परिणाम: असंबद्ध बोलणे, भ्रम, झटका, बेशुद्धी. अंग कोरडे असू शकते किंवा घामाने भिजलेलेही असू शकते. १०८ ला फोन करा. वाट पाहात बसू नका. कपडे काढा, अंगावर पाणी ओता, जोरात वारा घाला, कापडात गुंडाळलेला बर्फ मानेला, काखेत आणि जांघेत ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉल देऊ नका, उष्माघाताच्या तापावर ते काम करत नाही.

सगळ्याचा दोष उकाड्याला देऊ नका. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आणि दरदरून घाम हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. चेहरा वाकडा होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. पंख्याखाली बसून बरे वाटण्याची वाट पाहू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. ताप दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर डेंग्यू, मलेरियाची तपासणी करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कूलिंग पॅड किंवा कॉम्प्युटरची साफसफाई यांनी खोली थंड होते का?
नाही. दोन्हींमुळे मशीनमधली उष्णता लवकर बाहेर येते, पण येते ती खोलीतच. तरीही दोन-तीन महिन्यांनी मशीन बंद करून, प्लग काढून जाळ्यांवरची धूळ मऊ ब्रशने काढावी. मशीन नीट चालते आणि पंख्याची घरघर कमी होते. दम्याचे रुग्ण असाल तर हे काम दुसऱ्या कोणाला गॅलरीत करायला सांगा.

पंख्यासमोर बर्फाचे भांडे ठेवले तर?
१ किलो बर्फ वितळताना सुमारे १०० वॅटची जवळजवळ एका तासाची उष्णता घेतो. म्हणजे तासाभरापुरता एका साध्या डेस्कटॉपचा भार भरून निघतो. मात्र बर्फ घरच्या फ्रीजमध्ये बनवला असेल तर तीच उष्णता फ्रीजच्या मागून घरात आलेली असते. तात्पुरता आराम मिळेल, रोजचा उपाय म्हणून उपयोग नाही.

उकाड्याने डोके दुखले तर वेदनाशामक गोळी घ्यावी का?
आधी खोली बदला, पाणी प्या आणि तासभर विश्रांती घ्या. शरीरात पाणी कमी असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या किडनीला इजा करू शकतात. वृद्धांनी आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी त्या मनाने घेऊ नयेत.

लॅपटॉपची बॅटरी फुगली आहे, चालेल का?
चालणार नाही. कीबोर्ड वर उचलला गेला असेल, झाकण नीट बसत नसेल तर वापर आणि चार्जिंग लगेच थांबवा. बॅटरी दाबू नका, टोचू नका. ती पेट घेऊ शकते. सर्व्हिस सेंटरमध्ये देऊन बदलून घ्या.

काम थांबवणे शक्य नसेल तर?
निदान वेळ आणि जागा बदला. जड काम सकाळी दहाच्या आत उरका, दुपारी १२ ते ४ या वेळेत लॅपटॉप घेऊन घरातल्या थंड खोलीत बसा. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या किंवा गरोदर कर्मचाऱ्याने वेळेत सवलत मागणे यात संकोच करण्यासारखे काही नाही. गरज असेल तर आपल्या डॉक्टरांकडून तशी चिठ्ठी घ्या.

आज संध्याकाळी एवढे करा: खोलीत प्लगला लावलेल्या वस्तू मोजा, त्यांतली कोणती बंद करता येईल आणि कोणती बाहेर नेता येईल ते ठरवा, आणि त्या खोलीत रात्री कोण झोपते ते पाहा. ती व्यक्ती वृद्ध, आजारी किंवा तान्हे बाळ असेल तर अंथरूण आजच दुसरीकडे घाला. दुसरी खोली नसेल तर कॉम्प्युटर झोपेच्या दोन-तीन तास आधी बंद करा आणि खिडकी व दार उघडून खोली निवू द्या.